रोमचा दाखला

रोम आपल्याकडं दोन वाटांनी आलं. एक वाट कॉलेजातली. त्या वाटेनं सीझर आला, ब्रूटस आला, वक्तृत्व स्पर्धेतली भाषणं आली. मास्तरानं शिकवलं, पोरांनी पाठ केलं. त्या रोममध्ये संगमरवर होतं, सेनापती होते. तो दगड खाणीतून काढणारा माणूस तेवढा नव्हता.

दुसरी वाट आपली. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली. तिच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर त्यांनी होमरचं एक वचन घातलं, गुलामी माणसाच्या गुणांचं काय करते त्याबद्दलचं. ‘ओडिसी’त हे बोलणारा युमेअस स्वतःच गुलाम आहे, धन्याची डुकरं राखणारा. आणि तो हे बोलतो ते दुसऱ्या गुलामांची कागाळी करताना. धनी घरी नसला की ही माणसं कामं करीत नाहीत, अशी ती कागाळी. जोतीरावांनी तीच उचलली आणि धन्याच्या अंगावर फेकली. गुलामाचे गुण गेले असतील तर ते नेले कुणी? ग्रीकांचं साहित्य आपल्या वाटेनं आलं ते असं, सवाल होऊन.

मग बाबासाहेब. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळानं होऊच न दिलेलं भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापलं. ते ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यात रोमचे प्लेबियन आहेत. नंतर, १९८९ साली, राज्य शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात त्यांचं गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करणारं प्रकरण छापून आलं. त्यात रोमचे गुलाम आहेत. आपल्यातल्या कितीतरी लोकांनी रोमचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते बाबासाहेबांच्या तोंडून. ते पेशानं इतिहासकार नव्हते. पण रोमचा इतिहास गावकुसाबाहेरच्या माणसाला कळेल आणि त्याच्या कामी येईल असा मांडणारे आपल्यापुरते पहिले लेखक तेच.

हे रोम मला तपासायचं आहे. तपासायला शेजारी ठेवलं आहे मेरी बिअर्ड या इंग्रज बाईंचं ‘एसपीक्यूआर’ हे २०१५ सालचं पुस्तक. बाई केंब्रिजला प्राचीन ग्रीक-रोमन जगाचा अभ्यास शिकवीत होत्या, २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. आज जगात सामान्य वाचकासाठी रोमवर लिहिणाऱ्यांत त्यांचं नाव पुढं आहे.

हिंगोलीत हा विषय काढला तेव्हा एक जुने कार्यकर्ते म्हणाले, “बाबासाहेबांच्या चुका कामून काढायला लागलास बाबा? काढणारे कमी हायेत का?” प्रश्न बरोबर आहे. काढणारे लय आहेत. पण घर पाडायला भिंत ठोकणारा वेगळा आणि भिंत किती पक्की ते बघायला ठोकणारा घरचा माणूस वेगळा. बाबासाहेबांनी मनूपासून गांधींपर्यंत सगळे तपासले. त्यांचं लिखाण तेवढं देव्हाऱ्यात ठेवायचं आणि हळदकुंकू लावायचं, हा त्यांचाच अपमान आहे.

आधी बाईंच्या लिहिण्याबद्दल. ‘सुबोध’ हा शब्द आपल्याकडं नासला आहे. सुबोध म्हणजे अवघड ते गाळायचं, गोड ते ठेवायचं, आणि वाचकाला बाळासारखं भरवायचं. बिअर्डबाई असं करीत नाहीत. त्यांचं पुस्तक पाचशे पानांच्या वर आहे. ते रोम्युलसपासून सुरू होत नाही, इ.स.पूर्व ६३ पासून, सिसेरो आणि कॅटिलाइन यांच्या भांडणापासून सुरू होतं. कारण त्या काळातली पत्रं, भाषणं आज हाताशी आहेत. तिथून बाई मागं जातात आणि मग पुढं येत इ.स. २१२ ला थांबतात, कॅराकॅला बादशहानं साम्राज्यातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं तिथं. वाटेत जागोजाग त्या एकच विचारतात: हे आपल्याला कसं कळलं? रोमच्या पहिल्या शतकांच्या गोष्टी लिव्हीनं लिहिल्या त्या ऑगस्टसच्या काळात, म्हणजे घडून गेल्यावर शेकडो वर्षांनी. त्यांत नंतरच्या रोमन माणसांची भांडणं मिसळलेली आहेत, हे बाई लपवीत नाहीत. वाचकाच्या हाती मोजपट्टी देतात. सुबोध लेखनाची माझी कसोटी हीच. वाचून झाल्यावर वाचकाला लेखकाशी भांडता आलं पाहिजे.

आता बाबासाहेबांचा पहिला दाखला. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते म्हणतात, प्लेबियनांना, म्हणजे रोमच्या सामान्य रयतेला, आपला कॉन्सल निवडायचा हक्क मिळाला, तरी त्यांचा भक्कम माणूस त्या गादीवर बसू शकला नाही. कारण डेल्फीच्या देवीचा कौल मिळाल्याशिवाय कुणालाही अधिकार घेता येत नव्हता आणि त्या देवीचे पुजारी सगळे पॅट्रिशियन, वरच्या कुळांतले. ते कौल देत तो आपल्या सोयीच्या, मऊ माणसाला. रयतेची देवावर श्रद्धा, म्हणून रयत गप्प. यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की धर्माचं बळ राजकारणाच्या बळापेक्षा कमी नाही. आधी धर्माला हात घाला.

तपशील चुकीचा आहे. डेल्फी ग्रीसमध्ये, आणि तिथला देव अपोलो. रोमच्या लोकांनी मोठ्या संकटात तिथं माणूस पाठवल्याची उदाहरणं आहेत. पण दरवर्षीच्या कॉन्सलला तिथून मंजुरी घ्यायची चाल नव्हती. रोममध्ये कौल पाहायचा तो पक्ष्यांवरून, आभाळातल्या खुणांवरून. त्याला त्यांचा शब्द ‘ऑस्पिशियम’, शकुन.

इथं विरोधक टाळ्या पिटतील. त्यांनी थोडं थांबावं, कारण खरा तपशील बाबासाहेबांच्या बाजूनं जास्त जोरात बोलतो. लिव्हीत पॅट्रिशियनांचा मुख्य दावाच हा आहे की शकुन बघायचा अधिकार आमचा, देव आमच्याशीच बोलतात, प्लेबियन कॉन्सल झाला तर देवांशी बोलणार कोण? इ.स.पूर्व ३६७ च्या कायद्यानं कॉन्सलची एक जागा प्लेबियनांना मिळाली. पण मोठ्या पुरोहितमंडळांची दारं उघडायला इ.स.पूर्व ३०० साल उजाडलं. राज्य आधी मिळालं, देऊळ ६७ वर्षांनी. बाबासाहेबांना जे दाखवायचं होतं ते या दोन सालांत जसंच्या तसं आहे. डेल्फीची गरजच नव्हती.

आणखी एक गोष्ट. त्या साली पुरोहितांत ४ आणि शकुन बघणाऱ्यांत ५ जागा वाढवून त्या प्लेबियनांना दिल्या गेल्या. आपल्या जिल्ह्यातली औंढ्याची गोष्ट याच्याशेजारी ठेवा. नरसीचे नामदेव नागनाथापुढं कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागं हाकललं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, असं सांगतात. नंदी मागं राहिला तो त्याची खूण म्हणून दाखवतात. गोष्ट गोड आहे. पण देऊळ फिरलं, पुजाऱ्याची जागा काही फिरली नाही. प्लेबियनांनी देव फिरायची वाट पाहिली नाही. त्यांनी जागा मोजून घेतल्या, ४ आणि ५.

बाबासाहेबांनी न घेतलेले दोन दाखले त्याच रोममध्ये पडून आहेत. ते मला त्यांनी घेतलेल्यापेक्षा मोठे वाटतात.

पहिला, संपाचा. कर्जापायी माणूसच सावकाराच्या घरी गुलामासारखा राबायचा, ही रोमची जुनी चाल. आपल्याकडच्या सालगड्याला ती समजावून सांगायला नको. इ.स.पूर्व ४९४ मध्ये या कर्जाला कंटाळून रयत शहर सोडून तीन मैलांवरच्या डोंगरावर जाऊन बसली. तिला परत आणायला मेनेनियस अग्रिप्पा गेला आणि त्यानं गोष्ट सांगितली. हातपाय, तोंड, दात पोटावर रुसले, आम्ही राबतो आणि हे बसून खातं म्हणाले, अन्न बंद केलं आणि सगळं अंगच वाळलं. गोष्ट ओळखीची वाटते की नाही? पुरुषसूक्तातही समाज म्हणजे एक देह आहे आणि राबणारा त्यात पाय आहे. दोन देशांतल्या वरच्यांना एकच युक्ती सुचली. फरक पुढं आहे. प्लेबियन गोष्ट ऐकून नुसते उठले नाहीत. त्यांनी आपले ट्रिब्यून मागितले, ज्यांच्या अंगाला हात लावणं पाप ठरलं, आणि मग ते खाली उतरले. आपल्याला गोष्ट सांगितली गेली आणि तीच जन्मभर पुरवून दिली गेली. कर्जापायी माणूस बांधून घ्यायची चाल रोमनं इ.स.पूर्व ३२६ च्या सुमारास कायद्यानं मोडली, असं परंपरा सांगते. भारताचा वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे.

दुसरा दाखला बेटीव्यवहाराचा. इ.स.पूर्व ४५० च्या सुमारास रोमनं आपले कायदे बारा पट्ट्यांवर लिहून काढले. त्यात कलम असं की पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांचं लग्न होणार नाही. इ.स.पूर्व ४४५ मध्ये कॅन्यूलियस नावाच्या ट्रिब्यूननं हे कलम रद्द करायचा ठराव आणला. लिव्ही सांगतो, वरच्यांनी गहजब केला: रक्त बाटेल, कुळाचार बुडतील, शकुनांचा घोटाळा होईल. आपल्याकडच्या वर्णसंकराच्या बोंबेची जुळी बहीणच ती. कलम गेलं. पट्टीवर पडल्यापासून पाचसहा वर्षांत गेलं. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न, हे बाबासाहेब ‘ॲनिहिलेशन’मध्येच सांगतात. त्याच पुस्तकात रोमचे प्लेबियनही आहेत. पण ही दोन टोकं एकमेकांना बांधलेली नाहीत. बांधली असती तर प्रतिपक्षाला पळायला जागा उरली नसती. आपल्याकडं जातीबाहेरच्या लग्नांना सरसकट मान्यता देणारा कायदा १९४९ चा. तरी आज पोरीच्या बापाच्या हातात कुऱ्हाड आहेच. रोममध्ये कलम गेलं तशी भिंतही झिजली. आपल्याकडं कलम गेलं आणि भिंत उभी राहिली. जात म्हणजे नुसता कायदा नव्हे हे बाबासाहेबांचं म्हणणं इथं पुराव्यासकट सापडतं.

हे दाखले घेताना बिअर्डबाईंचा इशारा विसरायचा नाही. या शतकांतल्या सनावळ्या आणि भाषणं लिव्हीच्या लेखणीतून आलेली आहेत. शिवाय प्लेबियन म्हणजे अस्पृश्य नव्हेत. त्यांच्यात भुकेले होते तसे गबरही होते. दोनशे वर्षांच्या झगड्यानंतर, इ.स.पूर्व २८७ मध्ये, प्लेबियनांचे ठराव साऱ्या रोमला बंधनकारक झाले. हाती आलं काय? श्रीमंत प्लेबियन आणि जुने पॅट्रिशियन मिळून नवा वरचा वर्ग तयार झाला. गरीब तिथंच राहिला. ही गोष्ट मुंबई-दिल्लीच्या गाड्या धरणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना कुणीतरी वाचून दाखवावी. पॅट्रिशियनानं निवडलेला मऊ प्लेबियन ही बाबासाहेबांची भीती होती. जो मऊ नव्हता तोही खुर्चीत बसून मऊ झाला, हे इतिहासानं त्यात वाढवलं.

आता गुलामांचं प्रकरण. इथं मामला नाजूक आहे. बाबासाहेब म्हणतात, रोमच्या गुलामाची दशा अस्पृश्यापेक्षा बरी होती. त्यांचा मुख्य आधार बॅरो या लेखकाचं १९२८ सालचं पुस्तक. गुलाम कारकून होते, वैद्य होते, शिक्षक होते, ग्रंथालयं सांभाळत होते. गुलाम म्हणजे धन्याची मालमत्ता, म्हणून धनी त्याला जपायचा. दलदलीच्या, हिवतापाच्या जमिनीवर गुलाम घालू नये, असा केटोचा सल्ला ते देतात. तिथं मोकळा माणूस घालायचा, कारण तो मेला तर धन्याच्या पदरचं काही जात नाही.

हा सल्ला आज आपल्याला सापडतो तो व्हॅरोच्या शेतीवरच्या पुस्तकात. रोगट जमिनीवर रोजंदारीची माणसं लावा, असं तो सांगतो. केटोच्या पुस्तकात सापडतं ते वेगळंच. म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारं, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम विकून टाका, असं तो एका दमात सांगतो. मालमत्ता जपतात ती चालू असेपर्यंत. खुद्द रोम शहरात इ.स. ६१ मध्ये पेडानियस सेकुंडस या बड्या अधिकाऱ्याचा खून त्याच्याच एका गुलामानं केला. कायदा असा की घरातले सगळेच गुलाम मारायचे. ४०० गुलाम होते, त्यांत बाया होत्या, पोरं होती. रोमची गरीब रयत रस्त्यावर आली, दगड आणि मशाली घेऊन. नीरोनं दुतर्फा शिपाई उभे केले आणि चारशेंना मारलं. टॅसिटसनं हे लिहून ठेवलं आहे. किंमत असलेली ४०० माणसं. किंमत त्यांना वाचवू शकली नाही.

मग बाबासाहेबांचं म्हणणं पडलं का? माझ्या मते पडलं नाही, जागेवरून सरकलं. ‘जपणूक’ हा त्या तुलनेतला कच्चा खांब आहे. पक्का खांब वेगळा आहे आणि बिअर्डबाईंच्या पुस्तकात तो उभा दिसतो. रोमन नागरिकानं रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होत होता. जुन्या जगात हे अजब होतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापर्यंत रोमच्या स्वतंत्र नागरिकांपैकी बहुतेकांच्या पूर्वजांत कुठंतरी गुलाम असणार, असा काही इतिहासकारांचा अंदाज बाई देतात. होरेस हा रोमचा मोठा कवी. त्याचा बाप गुलामीतून सुटलेला. लोक त्याला त्यावरून टोचत, आणि तो स्वतः ते लिहून ठेवतो. पण टोचणाऱ्यांना त्याला पंगतीतून उठवता आलं नाही. रोमचा कलंक दोन पिढ्यांत पुसट होत होता. आपला कलंक शिकून जात नाही, पैशानं जात नाही, मेल्यावर मसणवट्यातही जात नाही. तिथंही आपली जागा वेगळी. गुलामीला दार होतं, अस्पृश्यतेला नव्हतं. बाबासाहेबांच्या तुलनेचा गाभा हा आहे आणि तो २०१५ च्या पुस्तकानं हलत नाही.

दलदलीचा मुद्दाही फेकून द्यायचा नाही, मग तो केटोच्या नावावर असो की व्हॅरोच्या. आज मैल्याच्या टाकीत उतरणारा माणूस कायद्यानं मोकळा आहे. २०१३ च्या कायद्यानं असं काम करून घ्यायला बंदी आहे. तरी तो उतरतो. नगरपालिका म्हणते आमचा नाही, गुत्तेदाराचा. गुत्तेदार म्हणतो रोजंदारीवरचा, मला नाव माहीत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. मेल्यावर तरी किंमत लागावी म्हणून कोर्टात जावं लागलं. व्हॅरोच्या शेतावरचा रोजंदार तो हाच, कुणाचाच नसलेला.

आता बाईंकडं वळतो. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. त्या सामान्य माणसाला पानावर आणतात, हे खरं. युरिसेसिस नावाच्या पाववाल्याची रोममधली थडग्याची इमारत त्या दाखवतात. त्यावर पीठ दळण्यापासून पाव भाजण्यापर्यंत सगळं काम कोरलं आहे, आणि लेखात तो स्वतःला पाववाला आणि गुत्तेदार म्हणवतो. बहुधा तो सुटलेला गुलाम. पण ज्याला दगड उभा करता आला तोच बाईंच्या पानावर येतो. स्पेनच्या चांदीच्या खाणीत रात्रंदिवस खणून मेलेल्यांनी दगड उभा केला नाही. त्यांच्यावर डायोडोरसनं काही ओळी लिहिल्या, तेवढंच. पुरावा जिथं आहे तिथं पानं जास्त, नाही तिथं कमी, ही इतिहासकाराची शिस्त मला कळते. पण या शिस्तीत आपल्या आज्यापणज्यांना कधीच पान मिळणार नाही. ज्यांच्या हाती लेखणीच दिली नाही त्यांच्या मौनालाही पुस्तकात जागा लागते. बाबासाहेबांनी ती जागा तुलनेनं भरून काढली. घाईत भरली, काही ठिकाणी चुकीच्या दगडानं भरली, पण रिकामी सोडली नाही.

शेवटी बाई म्हणतात की रोमकडून सरळसरळ शिकण्यासारखं फार नाही, पण रोमशी झटून भिडलं तर स्वतःबद्दल पुष्कळ कळतं. बाबासाहेबांना असं निवांत भिडायला सवड नव्हती. त्यांना दाखला पाहिजे होता, आणि तो उद्याच्या सुनावणीसाठी पाहिजे होता. दाखला म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. तहसिलात जातीचा दाखला काढताना एक अक्षर चुकलं तर कागद परत येतो. माणूस तोच, जात तीच, अन्याय तोच. कागद तेवढा परत येतो. म्हणून अक्षर दुरुस्त करणं हे घरच्या माणसाचं काम आहे. डेल्फी खोडून तिथं शकुन लिहा. केटो खोडून व्हॅरो लिहा. मग तोच कागद पुन्हा टेबलावर ठेवा. आता तो परत करायला त्यांना कारण सापडायचं नाही.

आणि एक काम आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या अभ्यासिकांत आपली पोरंपोरी स्पर्धा परीक्षेसाठी रोम एका ओळीत पाठ करतात: स्थापना अमुक, पतन तमुक. त्यांच्यासाठी आपल्यातल्या कुणीतरी शंभर पानांचं रोम मराठीत लिहावं. त्यात डोंगरावर जाऊन बसलेली रयत असावी, कॅन्यूलियस असावा, ते चारशे असावेत, खाणीतला माणूस असावा. दर पानावर ‘हे कसं कळलं’ ते सांगितलेलं असावं. अशा पुस्तकावर वाढलेली पोरगी औंढ्याला जाऊन विचारील: देऊळ फिरलं, बरं. मग पुजाऱ्याच्या जागा किती वाढवल्या?